मामाच्या मेडिकलवरून समजून घेऊया: बिझनेसमधली इन्फर्मेशन सिस्टिम म्हणजे नेमकं काय

दरवर्षी फर्स्ट इयरची नवीन बॅच आली की पहिल्याच लेक्चरला मी विचारते, इन्फर्मेशन सिस्टिम म्हणजे काय सांगा, तर निम्मा वर्ग म्हणतो कॉम्प्युटर आणि उरलेला निम्मा म्हणतो सॉफ्टवेअर. त्यात त्यांची काही चूक नाही, लहानपणापासून "सिस्टिम डाउन आहे" हे वाक्य बँकेत, पोस्टात, तिकीट खिडकीवर ऐकलेलं असतं आणि तिथे सिस्टिम म्हणजे समोरचा पडदाच असतो. पण पुढच्या सहा महिन्यांत जो गोंधळ होतो ना, टीपीएस कुठलं आणि एमआयएस कुठलं, ईआरपी म्हणजे काय, डेटाबेस कशाला लागतो, तो सगळा इथूनच सुरू होतो. म्हणून मी मुलांना लालबागला माझ्या मामाच्या मेडिकलवर घेऊन जाते. चार-चारच्या ग्रुपने, कारण काउंटरच्या मागे तेवढीच जागा आहे. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरात कोणी हा विषय घेऊन बसलंय त्यांच्यासाठी, तेच सगळं इथे लिहितेय.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. धंद्यात कोणीतरी काहीतरी लिहून ठेवतं, कारण नंतर दुसऱ्या कोणाला तरी त्यावरून काहीतरी ठरवायचं असतं. कोणी लिहायचं, कधी लिहायचं, नेमकं काय लिहायचं आणि ते पुढे कोणाला कुठल्या निर्णयासाठी लागणार, हे सगळं जिथे ठरलेलं असतं ती इन्फर्मेशन सिस्टिम. वही असली तरी चालते, कॉम्प्युटर असला तर काम भराभर होतं, एवढाच फरक.

आता मामाच्या काउंटरवर या. पावसाळ्यातला दिवस, एक जण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला, डॉक्सीसायक्लिनची एक स्ट्रिप घेतली, पैसे दिले, गेला. बिलात काय काय गेलं? औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, किती दिलं, किती पैसे, तारीख, वेळ. हा झाला डेटा, म्हणजे घडलेल्या गोष्टीची नुसती नोंद, ती एकटी काहीच सांगत नाही. पण महिन्याभराची बिलं एकत्र केली आणि दिसलं की एरवी रोज सरासरी आठ स्ट्रिपा जातात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवस रोज तीस जातात, तर ती झाली माहिती, इन्फर्मेशन. आणि तीस का जातात हे मामाला न बघताच माहितीये, कारण दादर-परळच्या सखल हिंदमाताला पाणी भरलं की लोक गुडघाभर पाण्यातून चालत घरी जातात, आणि अशा पाण्यातून गेलेल्यांनी लेप्टोपासून, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापापासून, वाचण्यासाठी डॉक्टरांना विचारून औषध घ्यावं असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. हे झालं ज्ञान. पुस्तकात या तीन शब्दांचा एक त्रिकोण काढलेला असतो आणि मुलं तो पाठ करतात, पण मामाकडे उभं राहिलं की कळतं की एक पायरी चढायला कोणीतरी आधीची पायरी नीट लिहिलेली असावी लागते. बिलावर वेळ आणि तारीखच नसती तर पाऊस आणि विक्रीचा संबंध कुठून जोडणार?

पुस्तकात पुढे येतं की सिस्टिमचे पाच भाग असतात, हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं आणि काम करायची ठरलेली पद्धत. पहिले दोन सगळ्यांना दिसतात. शेवटचे दोन कोणी बघत नाही आणि सिस्टिम बहुतेक वेळा तिथेच फसते.

हे पटवायला मुंबईसारखं दुसरं शहर नाही, कारण आपल्याकडे हार्डवेअर-सॉफ्टवेअर नसलेली आणि तरीही शंभर वर्षांहून जास्त चाललेली सिस्टिम आहे, डबेवाल्यांची. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातली. डब्याच्या झाकणावर रंगाने काही अक्षरं आणि आकडे लिहिलेले असतात, ते एकदा नीट बघा. डबा कुठल्या भागात न्यायचाय त्याचा आकडा, तिथली इमारत ओळखायची खूण, कितवा मजला, आणि डबा परत आणताना कुठल्या स्टेशनला आणायचा त्याची अक्षरं. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही, फोन नंबर नाही. मी मुलांना विचारते, नाव का नसेल? थोड्या वेळाने कोणीतरी बरोबर सांगतं. डबा तीन-चार हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला एकच गोष्ट ठरवायची असते. घरून उचलणाऱ्याला घर माहिती असतं, स्टेशनवर वर्गवारी करणाऱ्याला फक्त कुठल्या भागात हे लागतं, लोकलच्या डब्यात चढवणाऱ्याला कुठे उतरवायचं एवढंच, आणि शेवटच्याला इमारत आणि मजला. नाव कोणालाच लागत नाही म्हणून नाव लिहिलेलंच नाही. लोकल स्टेशनवर काही सेकंद थांबते, तेवढ्यात जे वाचता येईल तेच आणि तेवढंच झाकणावर. मला विचाराल तर फॉर्म डिझाइन शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, आणि आपल्याकडे तीस रकान्यांचे फॉर्म बनवणाऱ्या प्रत्येकाने दादर स्टेशनवर अर्धा तास उभं राहून हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता या खुणेवरून जरा पुढे जाऊया, कारण खूण, कोड, "की" (key), काहीही म्हणा, हा या विषयाचा कणा आहे.

मामाने वही सोडून कॉम्प्युटर घेतला तेव्हाची गोष्ट. दुकानात दोन मुलं होती, सकाळची शिफ्ट वेगळी, संध्याकाळची वेगळी. सकाळच्याने औषध टाकलं "डॉक्सीसायक्लिन १००" म्हणून आणि संध्याकाळच्याने तेच औषध नवीन माल आल्यावर टाकलं "डॉक्सी १०० कॅप" म्हणून. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी औषधं. एकाचा स्टॉक शून्य दिसायला लागला, म्हणून शॉर्टबुकात, म्हणजे संपलेल्या मालाच्या यादीत, नाव गेलं, स्टॉकिस्टकडून परत माल आला, आणि दुसऱ्या नावाखाली आधीच चाळीस स्ट्रिपा मागच्या खोक्यात पडून होत्या त्या तशाच पडून राहिल्या, एक्सपायर झाल्या. मामाला वाटलं सॉफ्टवेअर खराब आहे. सॉफ्टवेअरने त्याला जे सांगितलं होतं तेच बरोबर केलं होतं. चूक ही की एका वस्तूला एकच ओळख हवी, हा नियम कोणी ठरवलाच नव्हता, आणि नवीन नाव टाकायचा अधिकार दोघांनाही होता. नंतर मामाने एवढंच केलं की नवीन औषधाचं नाव फक्त तो स्वतः टाकेल, बाकीच्यांनी आहे त्यातून शोधायचं, सापडलं नाही तर त्याला विचारायचं. एक पैसा खर्च नाही झाला आणि तो गोंधळ थांबला.

डेटाबेसच्या चॅप्टरमध्ये प्रायमरी की म्हणतात ती हीच गोष्ट. १९७० मध्ये आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी मांडलं की डेटा साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्या, आणि एका तक्त्यातून दुसऱ्याकडे जायचं असेल तर त्या ओळखीवरून जा. म्हणजे औषधाचं नाव, कंपनी, रॅक नंबर एकदाच एका तक्त्यात, आणि बिलाच्या तक्त्यात फक्त त्या औषधाचा नंबर. उद्या रॅक बदलला तर एकाच जागी बदलायचा, हजार बिलांत नाही. आजही बँकेपासून तिकीट बुकिंगपर्यंत बहुतेक सगळं याच कल्पनेवर चालतं.

आणि अशा ओळखी तुम्ही रोज वापरता. पत्त्यातला पिनकोड बघा, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो बनवला, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. तेव्हा अडचण काय होती? एकाच नावाची गावं ढीगभर, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांमध्ये लिहिलेले, आणि पत्र वेगळं करणाऱ्या माणसाला ते सगळं वाचता येणं शक्य नाही. सहा आकड्यांनी तो प्रश्न सोडवला, पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो आणि पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, म्हणून मुंबईचे पिनकोड ४०० ने सुरू होतात. इथेही डबेवाल्यांसारखंच आहे, प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने आपल्यापुरते आकडे वाचायचे. चेकच्या खालच्या पट्टीत नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड असतो, त्यात पहिले तीन शहर, पुढचे तीन बँक, शेवटचे तीन शाखा, आणि मुंबईचं शहर तिथेही ४००. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढचे दहा म्हणजे त्या धंद्याचा पॅन जसाच्या तसा, आणि अगदी शेवटचं अक्षर आधीच्या सगळ्यांवरून गणित करून काढलेलं. हे शेवटचं कशासाठी? कोणी टाइप करताना एखादं अक्षर चुकवलं की गणित जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथल्या तिथे सांगतो की नंबर चुकलाय. बारकोडचा शेवटचा आकडा पण असाच. चूक आत शिरायच्या आधी दारातच पकडायची, आत गेलेली चूक शोधायला दहापट वेळ लागतो, मामाच्या चाळीस स्ट्रिपांना विचारा.

जाता जाता, बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे वस्तू भारतात बनली असं खूप जणांना वाटतं, तसे मेसेज पण फिरतात. ते बरोबर नाही. त्याचा अर्थ एवढाच की त्या कंपनीने तो नंबर भारतातल्या बारकोड संस्थेकडून घेतलाय, माल कुठेही बनलेला असू शकतो. कोडमध्ये जे लिहिलेलंच नाही ते त्यातून वाचायचं नाही.

आता व्यवहाराकडे, ट्रान्झॅक्शनकडे. मामाकडे आता जवळपास सगळे स्कॅन करून पैसे देतात. यूपीआय २०१६ मध्ये आलं, ते चालवणारी एनपीसीआय आपल्या मुंबईतलीच, बीकेसीत ऑफिस आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात १००० कोटींच्या वर व्यवहार झाले. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर पिन टाकला आणि स्पीकर बोलला, तीन सेकंदांचं काम. आतून बघितलं तर अ‍ॅपने निरोप दिला, तो एनपीसीआयकडे गेला, तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगितलं की एवढे वजा कर, तिने वजा केले, मग मामाच्या बँकेला सांगितलं की एवढे जमा कर, आणि दोन्हीकडून होकार आल्यावर दोघांना निरोप गेला. मधल्या कुठल्याही टप्प्याला नेटवर्क गेलं तर? वजा झालेत, जमा झाले की नाही कोणालाच माहिती नाही. "काका, माझे कट झालेत" आणि "पण माझ्याकडे आले नाहीत" हे भांडण काउंटरवर रोज होतं आणि दोघंही खरं बोलत असतात.

ट्रान्झॅक्शनचा नियम असा की एकतर पूर्ण व्हायचं नाहीतर झालंच नाही असं समजून सगळं मागे न्यायचं, अर्धवट काही ठेवायचं नाही. एकाच बँकेच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये हे सोपं असतं, दोन वेगळ्या बँका आणि मध्ये एक तिसरा असला की तितकं सोपं राहत नाही, म्हणून नंतर ताळमेळ बसवावा लागतो, आणि तो कधीपर्यंत बसवायचा यालाही नियम लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये तो ठरवून दिला. दुकानदाराला दिलेले यूपीआयचे पैसे कट होऊन पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत आले पाहिजेत, माणसाने माणसाला पाठवलेले असतील तर एका दिवसात, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे मी मुद्दाम लिहितेय कारण खूप जणांना माहिती नसतं. पण शिकायच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं हे की बिघडल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणं हासुद्धा सिस्टिमचाच भाग आहे.

पुढचा चॅप्टर मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, तो पिरॅमिडवाला. खाली टीपीएस (ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टिम), मध्ये एमआयएस (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम), वर डीएसएस (डिसिजन सपोर्ट सिस्टिम). मी तो असा शिकवते. मामा दिवसभर काउंटरवर बिलं बनवतो, तेव्हा तो टीपीएस वापरत असतो, रोजच्या व्यवहारांची नोंद, ती अचूक आणि पटकन व्हायला पाहिजे, गिऱ्हाईक उभं आहे. रात्री शटर अर्धं खाली करून तोच मामा आज किती विकलं, कुठल्या औषधांची एक्सपायरी तीन महिन्यांत येतेय, कोणाची उधारी राहिलीय हे बघतो, तेव्हा तो एमआयएस वापरत असतो, त्याच बिलांची गोळाबेरीज पण ठरलेल्या प्रश्नांसाठी. आणि दिवाळीनंतर शांतपणे बसून, समोरच्या नवीन टॉवरमध्ये लोक राहायला आले तर होम डिलिव्हरीला एक माणूस परवडेल का, असा आकडे बदलून बदलून विचार करतो तेव्हा ते डीएसएस. माणूस एकच, दुकान एकच, डेटा तोच, पण प्रश्न वेगळा. मोठ्या कंपनीत ही तीन कामं तीन वेगळ्या मजल्यांवरची माणसं करतात एवढंच.

यातलं मधलं काम कसं चालतं ते एका गणितावरून बघा. माल कधी मागवायचा? डॉक्सीसायक्लिन रोज सरासरी आठ स्ट्रिपा जातात, स्टॉकिस्टकडून माल यायला दोन दिवस लागतात, म्हणजे मागवल्यापासून येईपर्यंत सोळा लागतील, वर थोडा आधार म्हणून दहा, एकूण सव्वीस. स्टॉक सव्वीसवर आला की कॉम्प्युटर लाल रंगात दाखवतो, मागवा. याला री-ऑर्डर लेव्हल म्हणतात, आणि वर्षातले अकरा महिने ही पद्धत छान चालते. पण ती सरासरीवर चालते आणि सरासरीला पावसाचा अंदाज कळत नाही. रोज तीस जायला लागल्या तर सव्वीसचा साठा दिवसभरही पुरत नाही. त्यामुळे वेधशाळेने इशारा दिला की मामा आदल्या दिवशीच फोन करून शंभर स्ट्रिपा मागवतो, कॉम्प्युटर काय म्हणतोय ते न बघता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मामाने त्यानंतरचे दिवस काउंटरवरून बघितलेत, ते त्याच्या डोक्यात आहे, कुठल्याच तक्त्यात नाही. चांगल्या सिस्टिममध्ये माणसाला हा आकडा बदलायची मुभा असते, आणि त्याने तो का बदलला हे लिहायची जागा पण असते. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी नसते, आणि मग मामा रिटायर झाला की त्याच्याबरोबर ते ज्ञान पण घरी जातं.

काही नोंदी अशा असतात की दुकानदाराला त्यांचा थेट उपयोग नाही, पण तरी ठेवाव्या लागतात. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधली औषधं, म्हणजे काही पुढच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं वगैरे, विकताना वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हे मामासाठी नाही, हे उद्या अँटिबायोटिक्स वाटेल तशी विकली जातायत का हे तपासणाऱ्यासाठी. म्हणून कुठलीही नोंद बघितली की विचारायचं, ही कोणाला लागणार आहे? उत्तर कोणीच नाही असं असेल तर ती बंद करा, आणि उत्तर असेल तर लिहिणाऱ्याला ते सांगा, नाहीतर तो काहीही खरडतो. मामाकडच्या मुलाला तीन वर्षं जपण्याचं कारण कळलं त्या दिवसापासून त्याचं अक्षर सुधारलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता दुकानातून बाहेर, मोठ्या कंपन्यांकडे. तिथे दुखणं असं की खरेदीवाल्यांची वही वेगळी, गोदामाची वेगळी, अकाउंट्सची वेगळी, आणि तिघांचे आकडे तीन. यावर उपाय म्हणून ईआरपी आलं, म्हणजे सगळ्यांची एकच नोंद, गोदामात माल उतरला की अकाउंट्समध्ये देणं आपोआप दिसायला पाहिजे. ऐकायला सोपं, बसवायला भयंकर अवघड, कारण त्यासाठी तीन खात्यांना आधी एकमेकांशी बोलून एकच पद्धत ठरवावी लागते. अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवीन सिस्टिम एकदम सगळीकडे चालू केली, तीही जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविनच्या मोठ्या सिझनच्या तोंडावर. चॉकलेटं बनलेली होती, दुकानदारांच्या ऑर्डरी हातात होत्या, आणि तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. लालबागमध्ये कोणी गणपतीच्या आठवड्यात दुकानाचं सॉफ्टवेअर बदलेल का? मामाने त्याचं एप्रिलमध्ये बदललं होतं, आणि एक महिना वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवलं होतं, रोज रात्री दोन्ही जुळवून बघायचा. याला पॅरलल रन म्हणतात, त्याने हा शब्द कधी ऐकलेला नव्हता.

दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नसल्या तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या फोर्टमध्येच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा जाहीर केला, सुरुवातीलाच आकडा ११,४०० कोटींच्या आसपास होता. पैसे चोरायला कोणी तिजोरी फोडली नव्हती. परदेशी बँकांना हमी देणारे निरोप स्विफ्ट नावाच्या, बँकांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या सिस्टिमवरून जात होते, आणि बँकेचे हिशेब ज्या कोअर बँकिंगमध्ये होते त्यात त्या हमीची नोंद होत नव्हती, कारण दोन्ही जोडलेल्याच नव्हत्या. म्हणजे बँकेने जगाला सांगितलं की मी जबाबदार आहे, आणि बँकेच्या स्वतःच्या वहीला ते माहितीच नव्हतं. नियमाप्रमाणे एकाने निरोप तयार करायचा आणि दुसऱ्याने तपासून सोडायचा, मेकर-चेकर म्हणतात, पण ती माणसंच एकमेकांना सामील असली तर हा नियम कागदावर राहतो. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडायला ३० एप्रिल २०१८ ही मुदत दिली. मुलं सिक्युरिटी म्हटलं की हॅकर आणि पासवर्ड एवढंच लिहितात, मी त्यांना दर वर्षी सांगते की आधी हे लिहा, कोण काय नोंदवू शकतो, कोण काय पुसू शकतो, आणि पुसलेलं कोणाला दिसतं.

एक शेवटचा विषय, सिस्टिममुळे धंदाच कसा बदलतो. बीएसई, म्हणजे मुंबईचा जुना शेअर बाजार, १८७५ पासूनची, तिथे रिंगमध्ये उभं राहून ओरडून सौदे व्हायचे, आणि बाहेरच्या माणसाला, समजा नाशिकच्या कोणाला, आपला शेअर नक्की कितीला गेला हे ब्रोकर सांगेल तेच खरं मानावं लागायचं. १९९४ मध्ये एनएसईने, म्हणजे नव्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने, शेअरचे सौदे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणि उपग्रहाच्या जोडणीवर सुरू केले, नियम साधा, ज्याचा भाव चांगला त्याचा सौदा आधी, भाव सारखा असला तर ज्याने आधी लावला त्याचा. वर्षभरात एनएसईची उलाढाल बीएसईच्या पुढे गेली आणि १९९५ मध्ये बीएसईलाही पडद्यावर यावं लागलं. शेअर तेच, कंपन्या त्याच, फक्त भाव कोणाला आणि कधी दिसतो हे बदललं. आत उभं राहून भाव माहिती असणं हीच ज्यांची कमाई होती त्यांचं काम गेलं, आणि नाशिकवाल्याला पहिल्यांदा तोच आकडा त्याच वेळी दिसला जो दलाल स्ट्रीटला दिसत होता. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही आहे, माहिती कोणाकडे आहे हे बदललं की कोणाचं चालतं हे बदलतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल पण थांबल्या, तेव्हा मामाकडे इन्व्हर्टर थोडा वेळ चालला आणि मग बंद. कोविडचे दिवस, दुकानाबाहेर लांबवर लाइन. त्याने खालच्या ड्रॉवरमधून छापील नंबरची बिलबुकं काढली, ती त्याने अशाच दिवसासाठी ठेवलेली होती, आणि हाताने बिलं फाडत राहिला, बॅच नंबरसकट. लाइट आल्यावर संध्याकाळी दोघा मुलांनी बसून ती सगळी बिलं कॉम्प्युटरमध्ये टाकली, एकही राहिलं नाही, रात्री स्टॉक पण जुळला.

नोव्हेंबरमध्ये मामाने मला रिपोर्ट दाखवला. त्यात ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त गर्दीची वेळ संध्याकाळी सहा ते आठ अशी आली होती, आणि तो त्या वेळेला अजून एक मुलगा ठेवायचा विचार करत होता. मी म्हटलं, मामा, बारा तारीख बाजूला काढून बघ जरा. काढली, तर गर्दीची वेळ परत सकाळी दहा ते बारावर आली. दिवसभराची सगळी बिलं कॉम्प्युटरने संध्याकाळच्या वेळेने नोंदवली होती, ज्या वेळेला टाइप झाली त्या वेळेने. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून त्याने अजून एक रकाना करून घेतला, बिल फाडल्याची खरी वेळ. आणि ड्रॉवरमधल्या बिलबुकांवर आता तारखेच्या शेजारी पेनाने एक रेघ मारून ठेवलेली असते, तिथे वेळ लिहायची म्हणून.